धरणावरचे पक्षी हाकलून बर्ड फ्लू थांबेल का?

पाणथळ
मंडळी, मी गोदाकाठच्या एका गावातला. शेती करतो आणि हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वर धरणावरच्या अभयारण्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतो. गेल्या ग्रामसभेत आमच्या पोल्ट्रीवाल्यांनी ठराव मांडला की पाहुणे पक्षी उतरायला लागले की रोज सकाळ-संध्याकाळ फटाके लावायचे आणि त्यांना पाण्यावर बसू द्यायचं नाही, कारण बर्ड फ्लू तेच आणतात. ठराव पुढच्या सभेवर गेलाय. तोवर मला नीट माहिती जमवायची आहे, म्हणून हा धागा.

त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. कर्ज काढून शेड उभी केलेली माणसं आहेत ती, एक बॅच गेली तर वर्ष जातं. पण उपाय चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

हिमाचलातल्या पाँग धरणाचं उदाहरण घ्या. २०२०च्या डिसेंबरअखेर कांगडा जिल्ह्यातल्या या जलाशयावर पट्टकादंब मरायला लागले. मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून येणारे हे हंस. काही आठवड्यांत मेलेल्या पक्ष्यांचा आकडा चार हजारांच्या पुढे गेला, त्यात बहुतेक पट्टकादंबच होते. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा घातक विषाणू असल्याचं सांगितलं. तिथे लाखभर पक्षी उतरतात, तरी कुणी त्यांना हुसकलं नाही. जलाशयाभोवतीचा पट्टा माणसांना आणि गुरांना बंद केला, आसपासच्या तालुक्यांत कोंबडी, अंडी, मासळीची विक्री थांबवली आणि वन खात्याच्या माणसांनी संरक्षक पोशाख घालून मेलेले पक्षी उचलून पुरले. म्हणजे बंधनं माणसांच्या ये-जा करण्यावर घातली.

आपल्याकडे हेच कसं करता येईल? जाणकारांनी लिहा. पोल्ट्रीवाल्यांनीही लिहा, तुमचं ऐकायचंच आहे.

लेयरवाला
पाणथळ भाऊ, तुम्ही मोकळेपणाने विचारलंत म्हणून लिहितो. माझं लेयरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं शेड आहे, धरणापासून हाकेच्या अंतरावर. २०२१च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात ८०० कोंबड्या मेल्या आणि बातमी आल्यावर आमच्याकडे एकही कोंबडी आजारी नसताना अंड्याचा भाव पडला. खाद्याचं बिल मात्र रोजच्या रोज. त्या महिन्यात घरात कुणी धड जेवलं नाही.

तुम्ही पाँगचं सांगता, पण तिथे धरणाला लागून पोल्ट्री किती? इथे पाण्यावरून उठलेलं बदक माझ्या पत्र्यावरून जातं, माझ्या टाकीजवळ बगळे बसतात. दारात आलेला धोका हाकलू नये तर काय करावं? फटाक्याने पक्षी मरत नाही, फक्त उठून जातो.

पशुवैद्य
उठून जातो, आणि नेमकी अडचण तीच आहे दादा. आजारी थवा एका जागी असेल तर रोग तिथेच राहतो, त्यावर लक्ष ठेवता येतं. तोच थवा उठवला की वीस तळ्यांवर विखुरतो, तुमच्या शेजारच्या गावातल्या गावतळ्यावरसुद्धा. शिवाय दमलेला, धसकलेला पक्षी आजाराला लवकर बळी पडतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि स्थलांतरित प्राण्यांविषयीचा करार पाळणारी संस्था या दोघांनी २००५ साली यासाठी शास्त्रज्ञांचा संयुक्त गट नेमला. रानपक्षी मारू नका, हुसकू नका, पाणथळी आटवू नका असंच तो गट तेव्हापासून सांगतोय. कायद्यानेही अभयारण्यातल्या पक्ष्यांना असा त्रास देता येत नाही, तो भाग वेगळा.

आता विषाणूचं थोडं सविस्तर लिहितो, कारण "पक्षी आणतात" एवढं म्हणून थांबलं की पुढचे उपाय चुकतात.

रानबदकांच्या आतड्यात फ्लूचे विषाणू पूर्वापार राहत आलेत. त्यातले बहुतेक सौम्य. पक्षी धडधाकट दिसतो, विष्ठेतून विषाणू पाण्यात पडतो, दुसरं बदक ते पाणी पितं. या विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं. ते ठरावीक जागी कापलं गेलं तरच विषाणूला पेशीत शिरता येतं. सौम्य जातीत ते कापणारी विकरं (एन्झाइम) फक्त आतड्यात आणि श्वासनलिकेत सापडतात, म्हणून आजार तेवढ्यापुरता राहतो. एच५ आणि एच७ गटातला असा सौम्य विषाणू हजारो कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरला आणि एकीकडून दुसरीकडे फिरत राहिला, की त्या कापायच्या जागेत बदल होऊ शकतो. मग शरीरातल्या कुठल्याही अवयवातली विकरं ते प्रथिन कापतात. मेंदू, हृदय, यकृत, सगळीकडे विषाणू वाढतो आणि दोन-तीन दिवसांत शेड रिकामं होतं. हा घातक अवतार तयार होतो तो पाळीव पक्ष्यांत.

सध्या जगभर फिरणाऱ्या एच५एन१चा पूर्वज १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांत सापडला. १९९७ मध्ये हाँगकाँगच्या जिवंत कोंबडीबाजारांतून १८ माणसांना लागण झाली, ६ गेली. रानपक्ष्यांत त्याने पहिला मोठा संहार केला तो २००५ च्या मे महिन्यात, चीनच्या चिंगहाई सरोवरावर. हजारो पक्षी मेले, त्यातही पट्टकादंब फार. म्हणजे हा रोग आधी आपल्या पाळीव पक्ष्यांतून त्यांच्याकडे गेला आणि आता त्यांच्याकडून परत येतोय. स्थलांतरित पक्षी तो लांबवर नेतात हे खरं आहे. २०२१च्या शेवटी तो अटलांटिक ओलांडून कॅनडात न्यूफाउंडलंडला पोचला, २०२२ मध्ये दक्षिण अमेरिकेत, २०२३ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण जॉर्जिया बेटावर. हे उडणाऱ्या पक्ष्यांशिवाय झालं नसतं. पण धरणावरून तुमच्या शेडच्या आत तो येतो पाण्यातून, खाद्यातून, बुटांच्या तळव्यांतून, गाडीच्या चाकांतून, कावळ्या-चिमण्यांतून. त्या शेवटच्या शंभर मीटरवर आपला ताबा आहे.

नवापूरकर
डॉक्टरांनी गाडीच्या चाकांचा उल्लेख केला म्हणून लिहितोय. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापूरला जाहीर झाला, तेव्हा मी कॉलेजात होतो.

आमचं गाव सुरत-धुळे हमरस्त्यावर, रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. शेडला लागून शेड होती. पिल्लांच्या, खाद्याच्या, अंड्यांच्या गाड्या दिवसरात्र एका फार्मवरून दुसऱ्यावर. अंड्यांचे ट्रे परत यायचे ते कुठून कुठून फिरून, धुतोय कोण. मरतूक सुरू झाली तेव्हा लोकांनी मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग समजून औषधं केली. नंतर पांढऱ्या पोशाखातली माणसं आली आणि काही लाख कोंबड्या मारून पुरल्या. पलीकडच्या उच्छलमध्येही तेच. त्यानंतर जळगाव जिल्ह्यात गावठी कोंबड्यांत निघाला.

आमच्या चुलत्यांचं शेड त्यात गेलं. शेडवर कामाला असलेल्या आदिवासी बायकांची मजुरी बंद पडली, त्यांना भरपाईच्या यादीत जागाच नव्हती. त्याबद्दल तेव्हा कुणी फार लिहिलं नाही, म्हणून इथे नोंदवतो. पुढची खबरदारी ठरवताना शेडच्या मालकाइतकाच शेडमधला मजूर धरा. रोज चार फार्मवर हात फिरवणारी माणसं तीच असतात.

सुगरण
नवापूरकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

पक्षीनिरीक्षक म्हणून आमच्या बाजूचं सांगते. आमच्याकडूनही चुका होतात आणि त्या थांबवायला हव्यात. उजनी धरणाकाठच्या भिगवणला होडीतून जाणारे लोक कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकतात, फोटो छान येतात म्हणून. एरवी पसरलेले शेकडो पक्षी त्या होडीभोवती गोळा होतात. गर्दी झाली की विष्ठा एका जागी, पाणी एकच, आणि रोगाला दुसरं काय हवं?

इस्राएलच्या हुला खोऱ्यात याचं फार वाईट उदाहरण घडलं. शेतांचं नुकसान टळावं म्हणून तिथे वर्षानुवर्षं क्रौंच पक्ष्यांना एका तळ्याकाठी धान्य घालत होते, त्यामुळे हजारो क्रौंच दाटीने राहायचे. २०२१च्या डिसेंबरात एच५एन१ शिरला आणि पाच हजारांहून जास्त क्रौंच मेले. तळ्यात तरंगणारे मृतदेह माणसं बाहेर काढत होती. हेतू चांगला होता, पण त्यामुळेच दाटी झाली.

तेव्हा पाणथळ दादा, ठरावात हेही घाला की पर्यटकांनी पक्ष्यांना काहीही खायला घालायचं नाही. आणि पाणथळीच्या चिखलात फिरलेले बूट घालून कुणी पोल्ट्रीच्या आवारात जायचं नाही. दुर्बीण घेऊन फिरणाऱ्यांनी हे आधी स्वतः पाळावं.

लेयरवाला
ताई, हे तुमच्याकडून ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे गाडी लावायला जागा मिळाली की लोक सरळ शेडच्या कुंपणाला टेकून उभे राहतात, बूट चिखलाने भरलेले.

डॉक्टर, पाण्याचं विचारायचं होतं. माझी टाकी वरून उघडी आहे आणि उन्हाळ्यात बोअर आटला की पाटाचं पाणी घेतो. ते पाणी धरणातूनच येतं.

पशुवैद्य
तुमच्याकडे सगळ्यात आधी सुधारायची गोष्ट हीच. हा विषाणू थंड पाण्यात टिकून राहतो. २२ अंशांना साधारण चार दिवस, शून्याच्या जवळ महिनाभराहून जास्त. विष्ठेत ४ अंशांना ३५ दिवससुद्धा. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी गार असतं आणि पक्षी तेव्हाच असतात. म्हणून त्या चार महिन्यांत धरणाचं, पाटाचं, तळ्याचं पाणी कोंबड्यांना अजिबात नको. तुमचं बरं आहे, बोअर उन्हाळ्यात आटतो, तोवर बहुतेक पाहुणे परतलेले असतात. टाकीवर घट्ट झाकण बसवा. पाटाचं पाणी घ्यावंच लागलं तर गाळ खाली बसू द्या, वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या टाकीत घ्या, हजार लिटरला पाचेक ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळा आणि निदान अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन चिखलावरच खर्च होतो, विषाणूपर्यंत पोचत नाही.

हीच गोष्ट बुटांची. दारात जंतुनाशकाचं कुंड ठेवतात आणि शेणाचिखलाचे बूट त्यात बुडवतात, त्याने काही होत नाही. आधी ब्रशने, साबणाने घासा, मग बुडवा. साबणानेच या विषाणूचं वरचं स्निग्ध आवरण फुटतं. त्याहून सोपं म्हणजे शेडच्या आतल्या चपला वेगळ्या ठेवा आणि त्या बाहेर येऊच देऊ नका. खर्च दोनशे रुपये.

मेलेली कोंबडी कुंपणापलीकडे भिरकवायची सवय पूर्ण बंद. कावळे, कुत्री, घारी तिथूनच रोग उचलतात आणि पसरवतात. खोल खड्डा, वर चुना, वर माती.

फोर्थकाठ
मी स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळ राहते. २०२१-२२च्या हिवाळ्यात सॉलवे फर्थ या खाडीवर स्वालबार्ड बेटांवरून येणारे हंस, म्हणजे बार्नकल गीज, मरत होते. त्या सगळ्या समूहातला जवळपास तिसरा हिस्सा एका हिवाळ्यात गेला. पुढच्या उन्हाळ्यात बास रॉक या बेटावरचे गॅनेट पक्षी मरायला लागले. किनाऱ्यावर फिरायला गेलं की वाळूत मेलेले पांढरे पक्षी दिसायचे. मुलांना घेऊन जाणं आम्ही बंद केलं. जे जगले त्यांतल्या काहींचे निळसर डोळे काळे झाले होते, हे मी स्वतः दुर्बिणीतून पाहिलंय.

इथे सरकारने तेव्हा मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांनाही आत ठेवायचा हुकूम काढला. सोळा आठवडे उलटल्यावर "फ्री रेंज" अंड्यांच्या खोक्यांवर तसं लिहायलाही बंदी आली. शेतकरी वैतागले होते, पण पाळलं. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, कळवा, अशा पाट्या प्रत्येक किनाऱ्यावर होत्या. तुमच्या धरणावर अशी मराठी पाटी आहे का?

पाणथळ
नाही. आता लागेल. वन खात्याशी बोलतो.

परसबाग
आमचा बचत गट आहे, प्रत्येकीकडे दहा-पंधरा गावठी कोंबड्या. इथे सगळं शेडवाल्यांचं चाललंय. आमच्या कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर, शेतात, ओढ्याकाठी फिरतात. कोंडल्या तर खाद्य विकत आणावं लागेल, मग गावठी पाळण्यात काय उरतं? आणि रोग आलाच तर आमच्याही मारणार. आमच्यासारख्यांनी काय करायचं ते सांगा, करता येईल असं.

पशुवैद्य
ताई, वर्षभर कोंडा असं मी म्हणणार नाही. पण थंडीच्या दिवसांत ओढ्या-तळ्याकडे जाऊ देऊ नका. पाणी घरच्या भांड्यात द्या आणि दाणा छपराखाली टाका, म्हणजे बगळे, कावळे त्यावर येणार नाहीत. बदकं पाळत असाल तर ती कोंबड्यांपासून वेगळी ठेवा, बदकांत विषाणू असून लक्षणं दिसत नाहीत असं होतं. केरळात कुट्टनाडमध्ये कापणीनंतर भातशेतांत हजारो बदकं चरायला सोडतात, त्याच पाण्यावर रानबदकंही असतात. तिथे २०१४, २०१६, २०२१ असा रोग पुन्हा पुन्हा आला. आठवडी बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे बाजूला ठेवून मगच बाकीच्यांत सोडा. गावठी कोंबड्यांत रोग बहुधा अशा विकत घेतलेल्या पक्ष्यातून शिरतो.

आणि आजारी कोंबडी स्वस्तात विकू नका, कापून खाऊ नका. नीट शिजवलेल्या मांसातून धोका नाही, ७० अंशांना विषाणू मरतो. पण आजारी पक्षी सोलताना हातांना, डोळ्यांना धोका असतो.

मुळाकाठ
लस का देत नाहीत? फ्रान्सने २०२३च्या ऑक्टोबरपासून पाळीव बदकांना द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या उद्रेकांची संख्या शेकड्यांवरून दहाच्या आसपास आली. अमेरिकेत तर २१ कॅलिफोर्निया काँडोर मेल्यावर उरलेल्यांपैकी काही गिधाडांना लस टोचली.

पशुवैद्य
भारतात घातक एच५ साठी लस देण्याचं धोरण नाही. एच९एन२ या सौम्य प्रकारावर आहे. लस दिलेला पक्षी मरत नाही पण क्वचित विषाणू सोडत राहतो, मग मरतूक दिसत नसल्याने रोग लपून फिरतो. फ्रान्सने त्यासाठी लशीबरोबर सतत नमुने तपासण्याची मोठी यंत्रणा उभी केली. आपल्याकडे ती गावपातळीवर उभी राहीपर्यंत मी लशीचा आग्रह धरणार नाही. काँडोर जेमतेम काही शे आणि पकडता येणारे. धरणावरच्या थापट्या, तलवार बदक, चक्रवाकांना कोण टोचणार?

शेडबारा
एक कटू गोष्ट. रोग कळवायला लोक का घाबरतात? मी करारावर ब्रॉयलर, म्हणजे मांसाच्या कोंबड्या करतो. पिल्लं कंपनीची, शेड आणि मेहनत माझी. कळवलं तर कंपनी पुढची बॅच देईल की नाही याची खात्री नाही. आमच्या ओळखीच्या एकाला मरतूक झाल्यावर "गुपचूप पूर" असंच सांगितलं गेलं होतं. भरपाई कुणाला मिळणार हे करारात लिहिलेलंच नसतं.

पशुवैद्य
तुमची भीती खरी आहे आणि करारात हा मुद्दा लिहून घेण्याची मागणी सगळ्यांनी मिळून केली पाहिजे. पण हिशेबही बघा. भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या जिवंत पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. चार दिवस लपवलं तर भरपाईचे पक्षीच उरत नाहीत. शिवाय २००९च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याप्रमाणे कळवणं मालकावर बंधनकारक आहे. रोग पक्का झाला की एक किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. तुम्ही लवकर कळवलंत तर तो एक किलोमीटरचा वेढा एकदाच पडतो. उशीर झाला तर शेजारच्या शेडभोवती दुसरा पडतो. गावच्या दवाखान्यात सांगा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा.

सुगरण
पक्ष्यांच्या मरणाची खबर कावळे सगळ्यात आधी देतात. २०२५च्या जानेवारीत उदगीरमध्ये कावळे मरून पडायला लागले म्हणून तपासणी झाली आणि एच५एन१ निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. कच्च्या मांसातून आल्याचा संशय होता. वाघापर्यंत पोचलेला आजार आहे हा, त्याला फक्त पोल्ट्रीचा किंवा फक्त पक्ष्यांचा प्रश्न म्हणून चालणार नाही.

मात्र प्रत्येक मेलेला पक्षी बर्ड फ्लूचा नसतो. २०१९ मध्ये राजस्थानात सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले, सगळ्यांना आधी हीच शंका आली. तपासणीत निघालं बोटुलिझम, म्हणजे कुजणाऱ्या मृतदेहांतल्या जिवाणूचं विष. तिथेही मेलेले पक्षी लवकर उचलणं हाच उपाय होता. म्हणून अफवा पसरवण्याआधी नमुना जाऊ द्या.

पाणथळ
सगळ्यांचे आभार. पुढच्या सभेत फटाक्यांच्या ठरावाऐवजी मी हे मांडणार आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी पोल्ट्रीला धरणाचं-पाटाचं पाणी नाही, पक्ष्यांना खाऊ घालण्यावर बंदी, पर्यटकांच्या गाड्या शेडपासून लांब, वेगळ्या तळावर, काठावर मराठीत पाट्या, मेलेल्या पक्ष्यांसाठी दोन माणसं, त्यांना हातमोजे, मास्क आणि पोती, आणि त्यांची मजुरी आम्ही पक्षी दाखवणारे आमच्या कमाईतून देऊ. मजुरांसाठी शेडमधल्या वेगळ्या चपला मालकांनी द्याव्यात. लेयरवाले दादा, तुम्ही अनुमोदन द्याल का?

लेयरवाला
पाणी, चपला, पाट्या यांना माझं अनुमोदन आहे. फटाक्यांचा आग्रह मी सोडतो, बाकीच्यांशी बोलावं लागेल, सगळे लगेच ऐकतील असं नाही. पण माझी एक अट आहे. धरणावर एकाच वेळी चार-पाच पक्षी मेलेले दिसले तर तुमच्या माणसाने वन खात्याला फोन केल्यावर दुसरा फोन आम्हाला करायचा, त्याच दिवशी. पेपरात वाचून कळायला नको.

पाणथळ
कबूल. पोल्ट्रीवाल्यांचा आणि वाटाड्यांचा एक ग्रुप आजच करतो.

लेयरवाला
डॉक्टर, शेवटचं. शेडला जाळी आहे पण चिमण्या आत येतात. किती भोकाची लावू?

पशुवैद्य
पाऊण इंचाहून मोठी नको, चिमणी एक इंचातून शिरते. पत्रा आणि भिंत यांच्यातली फटही बंद करा, बहुतेक चिमण्या तिथून येतात. खाद्याच्या गोदामालाही तीच जाळी लावा. आणि काम ऑक्टोबरच्या आत उरकून घ्या.